पांढरं तेवढं माझं

सुभानपुऱ्याच्या अख्ख्या गुजराती वस्तीत धडधाकट माणूस एकच आणि तो म्हणजे आपण, असं गजेंद्र प्रधानांचं ठाम मत होतं! वय सत्तेचाळीस, नोकरी कारखान्याच्या स्टोअरमध्ये, आणि दंड असे की शर्टाच्या बाह्या दर सहा महिन्यांनी उसवाव्यात. "माणूस जिममध्ये नाही घडत, ताटात घडतो!" हे वाक्य त्यांनी भाजीच्या लारीवर ऐकवलं होतं, बँकेच्या रांगेत ऐकवलं होतं, आणि मावससासऱ्यांच्या तेराव्याला लाडू खाणाऱ्या शोकाकुल मंडळींनाही ऐकवलं होतं.

घरात मूग काट्यावर चढत, पनीर काट्यावर चढे. नलिनीवहिनी मोजून वाढत आणि दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तर बोलणी खात. खुद्द वहिनींना मात्र कोणी कधी मोजून वाढलं नव्हतं. उरेल ते बाईचं, ही प्रधानांच्या घरची चार पिढ्यांची रीत!

पण मुगापनीरवर दंड फुगेनात, तेव्हा गेल्या दिवाळीपासून गजेंद्ररावांनी रोजची आठ अंडी सुरू केली. आणि सोसायटी तर शुद्ध शाकाहारी! चेअरमन पीयूषभाईंच्या नाकाला कांद्याचा वास तिसऱ्या मजल्यावरून येई, तिथे अंड्याची काय कथा!

"बाहेर वास जाता कामा नये, टरफल दिसता कामा नये. अब्रूचा प्रश्न आहे!" असा हुकूम सुटला.

तेव्हापासून गावातल्याच, पण लांबच्या अकोटा भागातून जिमच्या थैलीत, टॉवेलखाली अंडी यायची. वहिनी पहाटे खिडक्या लावून ती उकडायच्या आणि वर चार उदबत्त्या पेटवायच्या. समोरच्या पूर्णिमाबेन हात जोडून म्हणायच्या, "नलिनीबेन, तमारे त्यां रोज केवी सरस पूजा थाय छे!" टरफलं कुटून गुलाबाच्या कुंडीत जायची. गुलाब असे मातले की शेजाऱ्यांनी कलमं नेली आणि खुद्द पीयूषभाई खताचं नाव विचारायला आले!

गजेंद्रराव पांढरं तेवढं खात, पिवळं ताटलीच्या कडेला सारत आणि आरशापुढे जात. त्या पिवळ्याचं पुढे काय होतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. साहेबांना त्यात प्रोटीनपेक्षा चरबीच जास्त दिसे!

इकडे वहिनी सुटत चालल्या होत्या. दोन जिने चढल्या की छातीला हात लावून उभ्या राहत. "घरात एवढा नमुना फिरतोय, निदान बघून तरी शिक! तोंडावर ताबा नाही तुझा," असं हे चारचौघांत म्हणत. वहिनी हसत. असल्या हसण्याची बायकांना सवय होते, त्यात कौतुक काही नाही.

सोसायटीत आरोग्य शिबिर ठरलं. शुक्रवारी सगळ्यांचं रक्त घेतलं, रविवारी हॉलमध्ये डॉक्टर निरुपमा रिपोर्ट देणार होत्या. आणि पीयूषभाईंनी गजेंद्ररावांचं भाषणही ठेवलं: मुगाची ताकद!

"आ बॉडी खाली मगमांथी?" पीयूषभाईंनी माईकवरून विचारलं.

"फक्त मूग आणि पनीर!" गजेंद्ररावांनी दंड वर केला. टाळ्या पडल्या. मग त्यांना चेव आला. "डॉक्टर, माझा रिपोर्ट मोठ्याने वाचा. लपवायचंय काय?"

डॉक्टरीणबाईंनी वाचला. सगळं उत्तम! पुन्हा टाळ्या. इथे शहाण्याने खाली बसावं की नाही? पण नाही!

"आता हिचा वाचा! घर एकच, चूल एकच. शिस्तीने काय फरक पडतो तो कळू दे लोकांना."

डॉक्टरीणबाई चपापल्या. "ताईंशी मी नंतर बोलते."

"अहो, घरचीच माणसं आहेत सगळी!" म्हणत त्यांनी कागद ओढला आणि स्वतःच वाचायला लागले. "कोलेस्टेरॉल तीनशे बारा! बघा! मी म्हणत नव्हतो?"

हॉल हसला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "ताई, रोज तुम्ही खाता तरी काय? तूप? फरसाण? छातीत दुखतं का? उद्याच हृदयाची तपासणी करून घ्या."

नलिनीवहिनी उठल्या. घरात मराठी बोलणारी ही बाई, पण त्या दिवशी मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही कळावं म्हणून स्वच्छ गुजरातीत बोलली. "रोज आठ ईंडांनुं पीळुं खाउं छुं. सफेद ए खाय छे!"

आठ अंड्यांचं पिवळं हिला, पांढरं त्यांना, हा हिशोब हॉलभर पोचला.

"ईंडां? आपणी सोसायटीमां?" पीयूषभाई खुर्चीवर बसले. पूर्णिमाबेननी उदबत्त्या आठवून कपाळावर हात मारला. कोणी गुलाबाची कलमं परत करायची भाषा केली, कोणी दंडाची पावती काढा म्हणालं. बाईचं हृदय कसं आहे, हे मात्र एका डॉक्टरीणबाईंखेरीज कोणीच विचारलं नाही. नवऱ्यानेही नाही!

घरी आल्यावर दार लावून गजेंद्रराव कडाडले. "मला तोंडघशी पाडलंस! पिवळं खायला तुला कोणी सांगितलं होतं?"

"मग टाकू कुठे?" वहिनी शांतपणे म्हणाल्या. "ओला कचरा वॉचमन उघडून बघतो. कुंडीत पुरलं तर मांजरीने उकरलं. मोरीत सोडलं तर मोरी तुंबली, घरभर वास. आणि अन्न फेकायचं नाही, ही तुमच्या आईचीच शिकवण."

"अगं, पण मला सांगायचंस!"

"सांगितलं. दोनदा. तुम्ही पनीर मोजत होता. आकडा चुकेल म्हणून हातानेच गप्प बस म्हणालात."

त्या रात्री गजेंद्ररावांना खरोखर वाईट वाटलं. इतकं, की यापुढे आपली अंडी आपणच उकडायची, असा त्यांनी निश्चय केला.

आणि पाळलाही! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः आठ अंडी उकडली, स्वतः सोलली, पांढरं खाल्लं. ताटलीत आठ पिवळे गोळे उरले. कचऱ्यापाशी वॉचमन, आज त्याच्या शेजारी पीयूषभाईसुद्धा! मोरी तुंबेल. कुंडीत मांजर. स्वतः खावं, तर चरबी!

नलिनीवहिनी दारात चपला घालत होत्या. तपासणीला निघाल्या होत्या, एकट्याच, कारण साहेबांची दहाची मुगाची वेळ चुकली असती.

ताटली हातात घेऊन गजेंद्रराव दारापाशी आले, आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नलू, जायच्या आधी एवढं संपवतेस का?"