नानांचे फरक

आमच्या शेजारी राहणाऱ्या नाना मास्तरांच्या घरात एकदा भरदुपारी चोर शिरला. नाना झोपेतून उठून बसले आणि कडाडले, "थांब! तू थीफ की रॉबर?"

चोर पितळी तपेली छातीशी धरून जागीच खिळला.

"गुपचूप उचलतो तो थीफ," नाना समजावू लागले, "धाक घालून नेतो तो रॉबर. तू नक्की कोण?"

चोराने तपेली खाली ठेवली, हात जोडले आणि कुंपणावरून उडी टाकली. त्यानंतर जळगावातला कुठलाही चोर आमच्या आळीत फिरकला नाही.

नानांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. शाळा सुटली, पण दोन सारख्या इंग्रजी शब्दांतला फरक काढायची खोड सुटली नाही. न्हाव्याला धरत, दूधवाल्याला धरत. मी तेव्हा विलायती कापडाच्या होळ्या पेटवत आणि पत्रकं वाटत हिंडत होतो, इंग्रजीचा शब्दही तोंडात येऊ देत नव्हतो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होई.

"नाना, देश लुटला जातोय, आणि तुम्ही लुटारूंची भाषा पाजळताय!"

"अरे गाढवा, तेच तर सांगतोय! साहेब आला तेव्हा थीफ होता. इथे बढती मिळून रॉबर झाला!"

हे वाक्य मी मुकाट्याने पुढच्या पत्रकात घातलं.

घरात नाना आणि त्यांची मुलगी इंदू, दोघंच. इंदूला पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला नाना विचारत, "सी आणि लुक यांत फरक काय?" एक वकील घाम पुसत गेला, एक कारकून पोहे टाकून गेला. मग जळगावजवळच्या असोद्याचं स्थळ आलं. मुलगा शेतकरी. इंदूने त्याला एका लग्नात पाहिलं होतं आणि तो तिच्या मनात भरला होता.

"नाना, या वेळी परीक्षा नको," ती काकुळतीला येऊन म्हणाली.

मुलाकडच्यांनी मळ्यात भरिताचं जेवण ठेवलं. मलाही नेलं. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजत होती, पहिलं भरीत पानांत पडलं होतं, मोठी माणसं केळीच्या भावावर बोलत होती. नानांनी बराच वेळ ओठ दाबून धरले. पण शेवटी सुटलेच.

"काय हो, सी आणि लुक यांत..."

जाळाशेजारी बसलेल्या इंदूची मान खाली गेली.

मुलगा इंदूकडे पाहत उठला. "मले इंग्रजी येत नाही, नाना. पन धुरानं यांचे डोळे लाल झाले, कोनाले दिसत नाही का?" असं म्हणत त्याने जाळ ओढून पलीकडे नेला.

नाना ताडकन उभे राहिले. "सी सगळ्यांनी केलं! लुक फक्त यानं केलं! पास!" आणि भरिताच्या हातानेच त्यांनी जावयाला मिठी मारली.

संध्याकाळी बैलगाडीने आम्ही परतलो. दारातून इंदू आत गेली, तसा त्यांनी माझा हात धरला.

"तिला सगळे फरक येतात, बरं का. लहानपणापासून पाठ आहेत. तरी रोज संध्याकाळी मुद्दाम चुकते. मला समजावायला मिळावं म्हणून."

मी आत लागलेल्या कंदिलाकडे पाहिलं.

"लग्नानंतर संध्याकाळचा येत जाशील का रे? तुझा इंग्रजीवरचा बहिष्कार खुशाल चालू ठेव," नाना म्हणाले. "तुला तर खरंच काही येत नाही."