बाथरूमची कडी

कडी काढायचं ठरवलं ते मी. आईने नुसती मान डोलावली. (माझ्या प्रत्येक चुकीला ती मान डोलावते.)

मी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतो. माणसं कुठे आणि कशी आपटतात हे वाचायचं आणि पगार घ्यायचा. त्यामुळे बायकोला दिवस गेले तेव्हा दुसऱ्या कुणाला पाळणा दिसला असता, मला बाथरूमची ओली फरशी दिसली. सातवा महिना लागला आणि मी दाराची आतली कडीच उपटून टाकली. उद्या ही आत पडली तर दार फोडत बसायचं का? शिवाय भिंतीला आधाराची दांडी ठोकली. स्वतः. (ड्रिल शेजाऱ्यांचं, आत्मविश्वास माझा.)

"आणि आत असताना बोलत राहायचं," मी बजावलं.

"काय बोलू?"

"काहीही. नुसतं 'आहे' म्हणालीस तरी चालेल."

मग मी बाहेरून विचारायचो, "आहेस ना?" आतून यायचं, "आहे." मी दमलो की आई विचारायची. बायकोचा आवाज दिवसेंदिवस चपटा होत गेला. मला वाटलं, अंगात लोह कमी पडत असेल.

एका रविवारी सकाळी उत्तरच आलं नाही.

"आहेस ना? अगं, आहेस ना?"

"अरे, बघतोस काय? दार तोड!" आई किंचाळली.

मी धावत जाऊन खांदा मारला. कडी नाही हे घाईत विसरलोच. दार भसकन उघडलं, मी आत घुसलो, घसरलो आणि दांडीला लोंबकळलो. दांडी माझ्याबरोबर खाली आली. तिच्यामागून भिंतीच्या टाइल्स आल्या, आणि त्यांच्यामागून पाणी. पाइप नेमका तिथूनच गेला होता.

बायको पालथ्या बादलीवर बसली होती. अंगावर सगळे कपडे, डोळे लाल.

"पडलीस?" मी जमिनीवरून विचारलं.

"नाही. बसलेय."

"इथे?"

"'सांभाळून' असं कुणी म्हणत नाही, अशी घरात एवढीच जागा उरली होती. तिचीही कडी तू काढलीस."

"अगं, सांभाळून ऊठ, घसरशील!" दारातून आई म्हणाली.

बायको उठली, मला ओलांडून गेली आणि पाण्याचा मुख्य कॉक बंद करून आली. मी उठायला हात पुढे केला होता. तो तिला दिसला नाही, असं मी समजतो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाळ छान आहे. रक्तदाब चढलाय. घरात काही ताण?"

मी तोंड उघडलं.

"तुम्हाला नाही विचारलं," त्या माझ्या प्लास्टरातल्या मनगटाकडे बघत म्हणाल्या. बायको हसली. किती दिवसांनी! तेही दुसऱ्याच कुणामुळे.

संध्याकाळी तिची थोरली बहीण आली आणि तिला घेऊन गेली. मी अडवलं नाही. इतकी वर्षं दावे तपासतोय. हा काही अपघात नव्हता, एवढं मलाही कळलं.

आठवड्याने मी फोन केला. मेहुणीने उचलला.

"रक्तदाब उतरला. जेवतेय, झोपतेय, मस्त आहे."

"मग मी येऊ का भेटायला?"

मेहुणीने फोनवर हात धरला, पण ऐकू आलंच. "ते येऊ का विचारतायत गं."

मग बायकोचा आवाज, "म्हणावं, डॉक्टरबाईंना विचारून सांगते."

तिने खरोखरच विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, इतक्यात धोका पत्करू नका.