पळी ज्याच्या हाती

सुनेने घासून उपडं ठेवलेलं पातेलं सासूबाईंनी तिच्यादेखत पुन्हा नळाखाली धरलं आणि घरात ठिणगी पडली.

"माझं घासलेलं इतकं घाण असतं का हो, आई?"

"मी कुठं काय म्हटलं? हात शिवशिवतात माझे."

"रोज माझ्याच भांड्यांवर बरे शिवशिवतात!"

झालं. सासूबाईंनी कपडे पिशवीत कोंबले. "जाते मी लेकीकडे. खुशाल राहा!" पिशवी मात्र त्यांनी अशी दारातच ठेवली, की येणाराजाणारा अडखळलाच पाहिजे. एकदा कुणी 'जाऊ नका' म्हणालं असतं, तर त्या थांबणारच होत्या. पण आपणहून थांबायचं म्हणजे नाक कुठं ठेवायचं? सून त्याच पातेल्यात भाजी ढवळत राहिली.

तेवढ्यात मुलगा कामावरून आला, पिशवीला अडखळला आणि चक्क खूश झाला. भांडण कसं करावं, हे त्याच्या ऑफिसात आजच शिकवलं होतं. हल्ली ऑफिसात काय शिकवतील, नेम नाही.

"बसा दोघी. भांडा, पण नीट. हातात वस्तू असेल त्यानंच बोलायचं. दुसऱ्यानं ऐकायचं आणि ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं." वस्तू म्हणून त्याने बायकोच्या हातातली पळीच काढून घेतली. "आई, आधी तू."

सासूबाई सरसावल्या. "हिला भांडी घासता येत नाहीत."

पळी सुनेकडे गेली. "आई म्हणतात, मला भांडी घासता येत नाहीत आणि त्यांना माझ्याशी बोलता येत नाही."

"दुसरं मी म्हटलंच नव्हतं!"

"आई! पळी नाही तुझ्याकडे!" मुलाने पळी स्वतःकडे घेतली. "समोरच्याला नावं नाही ठेवायची. आपल्याला काय वाटलं, तेवढंच सांगायचं. थांबा, समजावतो." आणि गडी जो सुटला, तो थांबेचना.

सासूबाईंच्या नाकाला वास आला. भाजी खाली लागत होती. त्यांनी तोंड उघडलं.

"पळी नाही!"

सुनेने गॅसकडे बोट दाखवलं.

"बोटानंही बोलायचं नाही!"

बरं बाबा. दोघी हाताची घडी घालून बसल्या. मुलाची पाठ गॅसकडे. त्याच्या डोक्यामागून धूर असा चढला, की जणू त्याचंच डोकं तापलंय. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने ओठ दाबले, पण खांदे हलायला लागले. मग दोघी फुटल्याच.

"यात हसण्यासारखं काय..." म्हणता म्हणता तो खोकला आणि मागे वळला.

पातेलं काळं ठिक्कर! गॅस बंद करून सुनेने पळी ओढून घेतली.

"आई, तुम्ही माझ्यासमोर पुन्हा घासलंत की वाटतं, मी या घरात रोज परीक्षेलाच बसलेय. राग येतो मला. पण तुम्ही जाऊ नका."

नियमाप्रमाणे परत म्हणायला हवं होतं. "तुला राग येतो," सासूबाई म्हणाल्या. "पण... जाऊ नका." आपल्याच तोंडून ऐकून त्यांना फार बरं वाटलं. "एवढा आग्रह करतेस, तर राहते बाई. आणि तुझ्या भांड्यांना हात लावायची नाही." मग त्यांनी पळी मुलाच्या हातात दिली. "आता तू म्हण, पातेलं मी घासतो."

"पातेलं मी घासतो," तो पुटपुटला.

घाम गाळून घासलेलं पातेलं त्याने ऐटीत उपडं ठेवलं. सासूबाईंचे हात शिवशिवले, पण त्यांनी ते पाठीमागे धरले. शब्द म्हणजे शब्द.

सुनेने पातेलं उचललं, उजेडात फिरवून पाहिलं आणि नवऱ्याच्यादेखत नळाखाली धरलं.

"माझं घासलेलं इतकं घाण असतं का गं?"

"मी कुठं काय म्हटलं?" सून म्हणाली. "हात शिवशिवतात माझे."

सासूबाईंनी मुकाट्याने घासणी पुढे केली.