पक्क्या सिमेंटचे सुळे

शनिवारी दुपारी दवाखाना बंद करून घरी आल्यावर डॉक्टरांनी एक साधासा निर्णय घेतला: आज लेकीबरोबर बसून सिनेमा बघायचा. (डॉक्टर दातांचे. बावीस वर्षांत लोकांनी त्यांच्यासमोर निमूट तोंड उघडलं होतं, त्यामुळे आपण म्हणू तसं होतं असा त्यांचा गोड गैरसमज होता.)

लेक पंधरा वर्षांची. घरात तिला ठकी म्हणत आणि हल्ली तसं म्हटलेलं तिला खपत नसे. पूर्वी जेवताना हिची बडबड थांबवायची कशी, हा घरातला प्रश्न होता. गेलं वर्षभर मात्र ती 'हं', 'नको' आणि 'दार लावून घे' एवढ्यावर भागवत होती. फक्त शनिवारी दोन मैत्रिणी यायच्या, पडदे ओढले जायचे आणि बैठकीच्या खोलीतून आधी किंकाळ्या आणि मग खिदळणं ऐकू यायचं. सिनेमा कुठलाही असो, मामला तोच: शाळकरी पोरं, त्यांतला एखादा रक्त पिणारा, भीती बेताची आणि फजिती भरपूर. 'भ्यायचं तर भ्या, हसायचं तर हसा, दोन्ही एकदम कशाला?' या प्रश्नाने डॉक्टरांना पछाडलं होतं. आणि खरं दुखणं वेगळंच होतं. आपली लेक आपल्यासमोर हसत नाही, हे त्यांना फार लागलं होतं.

"बस, पण बोलायचं नाही," ठकीने बजावलं.

"छे छे! मी कशाला बोलतोय?"

अकराव्या मिनिटाला पडद्यावरच्या पोराला भर वर्गात सुळे फुटले. मुली किंचाळल्या.

"एवढे लांब सुळे असले तर जबडा मिटणारच नाही," डॉक्टर म्हणाले. "खालच्या दातांना जागा नको का?"

"बाबा!"

"आणि असे मिनिटात दात येत नसतात. हाडाला वेळ लागतो."

एका मैत्रिणीने अतिशय सभ्यपणे विचारलं, "काका, आत तुमचा फोन वाजतोय का?"

फोन खिशात होता आणि वाजत नव्हता. डॉक्टर उठले. आत बायको म्हणाली, "चांगली सव्वा अकरा मिनिटं टिकलात हो. मी पाच धरली होती."

पण माणूस जिद्दीचा. जबडा नीट मिटेल असे सुळे आपणच करायचे, पुढच्या शनिवारी ते घालून पोरींसमोर उभं राहायचं आणि सोफ्यावरची जागा परत मिळवायची, असं त्यांनी ठरवलं. आठवडाभर फावल्या वेळात त्यांनी आपल्याच दातांचं माप घेतलं, साचा केला आणि खऱ्या सुळ्यांवर टोपीसारखे चढतील असे दोन टोकदार सुळे घडवले. काम इतकं सुबक झालं की त्यांना स्वतःचाच हेवा वाटला.

शनिवारी शेवटच्या पेशंटला अर्धा तास अवकाश होता. डॉक्टर आरशासमोर बसले. डोक्यात विचार एकच: गेल्या शनिवारी आतून ऐकलं तसं, सिनेमातलं ते पोरगं आरशात दिसत नाही म्हणून रडतं, आणि या मुली तेव्हा का हसतात? विचार करता करता हातांनी सवयीने आपलं काम केलं. दात कोरडे केले, सिमेंट लावलं, सुळे बसवले, कापूस चावून धरला. दहा मिनिटं झाली.

तेवढ्यात सिस्टर आत आल्या. "अगबाई! डॉक्टर, हे कशाने चिकटवलंत?"

"तात्पुरत्या थिमेंतने." (सुळ्यांमुळे जीभ अडखळत होती.)

"तात्पुरतं तर माझ्या हातात आहे."

डॉक्टरांनी ट्रेकडे पाहिलं. तिथे पक्क्या सिमेंटची ट्यूब झाकण उघडून पडली होती. बावीस वर्षं ज्याची खात्री ते पेशंटना देत आले, तेच ते. त्यांनी सुळे ओढले, हलवले, चिमट्याने ठोकले. ढिम्म! कापून काढावे लागणार, आणि स्वतःच्या तोंडात स्वतः मशीन कोण घालणार? दातांचाच डॉक्टर असलेला त्यांचा मित्र सोमवारपर्यंत गावाला गेलेला. आणि बाहेर बसलेल्या पेशंट म्हणजे ठकीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका.

"मास्क लावा," सिस्टर म्हणाल्या. "आणि कमी बोला."

मुख्याध्यापिका बाई खुर्चीत बसल्या. "डॉक्टर, कवळी हलतेय. प्रार्थनेच्या वेळी तर खाली पडता पडता वाचली."

डॉक्टर मास्कमधून काहीतरी पुटपुटले.

"मला कमी ऐकू येतं, ओठ बघितल्याशिवाय कळत नाही. काढा तो मास्क."

काढावाच लागला. डॉक्टरांनी झटकन तोंडावर हात धरला आणि बोटांच्या आडून म्हणाले, "बघतो हं."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अगदी तुमची मुलगी! गेलं वर्षभर उत्तर देताना असाच तोंडावर हात. तारा बसवल्यापासून. मी कितीदा सांगते, हात काढ."

डॉक्टरांचा हात आपोआप खाली आला. तारा त्यांनीच बसवल्या होत्या. दर महिन्याला त्यांनी त्या तपासल्या, घट्ट केल्या, मिलिमीटर मोजले. दात सगळे पाहिले, पोरगी पाहिलीच नाही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इकडे बाई सुळे न्याहाळत होत्या. सिस्टरनी डोळे मिटून घेतले. शेवटी बाई म्हणाल्या, "एकदम घट्ट बसलेत की! मग माझीच कवळी का हलते?"

घरी ठकीनेच दार उघडलं. मैत्रिणी अजून यायच्या होत्या. डॉक्टर तोंडावर हात धरून उंबऱ्यात उभे.

"काय झालं? दात दुखतोय?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली आणि जीभ सांभाळत सावकाश विचारलं, "ठके, तुला ते सिनेमे का आवडतात? खरंच विचारतोय. मध्ये बोलणार नाही."

तिचाही हात तोंडावर गेला. "अरे, त्यातल्या पोराच्या तोंडात एक दिवस भलतंच काहीतरी उगवतं. सगळे टकामका बघतात. घरच्यांना काही कळत नाही. तो आरशात दिसत नाही, मी दिसते पण मला बघवत नाही. तरी त्याचे मित्र त्याच्याशेजारी बसून डबा खातात, चिडवतात, आणि मग तोही हसतो. ते बघितलं की शाळेत जायची एवढी भीती नाही वाटत."

"मला सांगायचंस की गं."

"तुला? तारा लावणारा तूच ना!"

डॉक्टरांनी नुसता हात काढला आणि ओशाळं हसले.

ठकी आधी किंचाळली. मग म्हणाली, "काढ ते!"

"निघत नाहीत. पक्कं थिमेंत. थोमवारपर्यंत अथाच."

ठकीचा हात गळून पडला आणि ती हसायला लागली. भिंतीला टेकली, खाली बसली, पोट धरून, तारांसकट, अगदी तोंड भरून हसली. वर्षभरात पहिल्यांदा. मैत्रिणी आल्या, त्यांनाही तिने तशीच हसत हसत ही गंमत दाखवली. डॉक्टरांना सोफ्यावर मधली जागा मिळाली. ते लेकीच्या उघड्या तोंडाकडे एकटक बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

बायको हळूच जवळ आली. "अहो, काय झालं?"

डॉक्टरांनी डोळे पुसले. "उजवीकदच्या मागच्या दाढेला कीद लागलीय."

ठकीने भिरकावलेली उशी नेमकी त्यांच्या तोंडावर बसली. सुळे जराही हलले नाहीत.