हॉलमधलं विमान

धनेशने हॉलच्या भिंतीवर विमानाच्या कॉकपिटचं भलंमोठं कागदी चित्र चिकटवलं आणि समोर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या मांडल्या. शुक्रवारी सिम्युलेटरची, म्हणजे जमिनीवरच हलणाऱ्या नकली कॉकपिटमधली, पायलटची परीक्षा होती. मागच्या खेपेला इंजिनला आग लागल्याचा दिवा पेटला आणि याचे हात लुळे पडले. नापास. पुन्हा तसंच झालं तर नोकरी गेलीच. एकेक पायरी मोठ्याने म्हणत कागदावरची बटणं दाबायची आणि हातांना सवय लावायची, एवढाच उपाय उरला होता.

पण माणसाने एकट्याने काही करावं, अशी ओवे गावात पद्धत नाही. धनेशचे वडील दाजी यांचे चार ट्रेलर न्हावा शेव्याला फिरत होते. वाहन म्हटलं की त्यांना राहवत नसे. ते आले आणि थेट उजव्या खुर्चीत बसले.

"बाबा, ती जागा माझी, को-पायलटची. कॅप्टन डावीकडे बसतो."

"क्लीनरच्या जाग्यावर? कोन म्हनला?"

मंगळवार या वादात गेला. बुधवारी आईने, म्हणजे हौसाने, कागदाला हळदकुंकू लावून समोर नारळ फोडला, त्यात इंधनाची बटणं भिजून फुगली. नारळाच्या आवाजाने शेजारी आले. आले ते मागे चटईवर बसले, कारण विमानात प्रवासी हवेतच. खिडकीजवळच्या जागेवरून गणू आणि हरेशची जुंपली. धनेशने "इंजिन फायर" म्हटलं रे म्हटलं, की सोनाआत्या पदर खोचून उठायची.

"आत्या, खाली बस."

"आरं पन आग लागली ना? मना उतरव आदी."

गुरुवार संध्याकाळपर्यंत हे चाळीस वेळा झालं. धनेशला फक्त रडायचं बाकी होतं.

शुक्रवारी सिम्युलेटर हलू लागला. शेजारी डावीकडे एक पायलट आणि मागे परीक्षक कॅप्टन प्रभाकर, जे नुसते खाकरले तरी पोरांना घाम फुटे. त्यांनी बटण दाबलं. लाल दिवा पेटला, घंटा वाजली. तेवढ्यात त्यांचं पेन खाली पडलं आणि ते उचलायला कॅप्टन पट्टा सोडून उठले.

धनेशचे हात आपोआप चालले. इंजिन बंद, आगीचं बटण, मग फवारा. एकही पायरी चुकली नाही. मान न वळवता तो खेकसला, "आत्या, खाली बस."

कॅप्टन बसले. पट्टाही लावला. सिम्युलेटर हलत असताना कुणी उठायचं नाही, हा नियम त्यांनीच मुलांना पाठ करायला लावला होता.

विमान उतरलं तेव्हा आपण काय बोलून बसलो ते धनेशच्या ध्यानात आलं.

"सॉरी सर. घरी प्रॅक्टिस करताना मागे माणसं असतात."

"किती?"

"बसून एकवीस. दारात उभे असतात ते वेगळे."

कॅप्टननी फॉर्म मांडीवर घेतला आणि सावकाश 'पास' लिहिलं.

"विमानात एकशे ऐंशी असतील," ते म्हणाले, "पण काळजी करू नकोस. ती बांधलेली असतात."