न वाजवायची भिंत

मार्चमधल्या एका मंगळवारी दामलेकाका गेले. तेव्हापासून आमच्या मधली भिंत वाजलेली नाही.

कॅनडातल्या मिल्टनमध्ये आमची दोन घरं एकाच भिंतीला पाठ लावून उभी आहेत. मी राहायला आले त्या दिवशी काका चहाचा थर्मास घेऊन आले, तो खाली ठेवला आणि बोटाच्या पेराने माझी भिंत वाजवली. "पुठ्ठा," ते म्हणाले. मग समोरची वाजवली. "हाही पुठ्ठा." मी लायब्ररीत काम करते आणि माझ्याकडे पुस्तकं बरीच आहेत हे कळल्यावर त्यांना जरा धीर आला. "मग ती सगळी भिंतीला लावून ठेवा. तेवढीच जाडी येईल."

काका रिटायर झालेले स्ट्रक्चरल इंजिनिअर. कुणाकडे वास्तुशांत असली की बूट काढायच्या आधी त्यांचा हात भिंतीकडे जाई. यजमान बेसमेंटचं कौतुक ऐकायला उभे असत, आणि काका कान लावून "पुठ्ठा" म्हणत. मागून काकू पुटपुटत, "अहो, आधी प्रसाद तरी घ्या." आमची मधली भिंत मात्र ते रोज सकाळी वाजवत. पलीकडून टकटक झाली की चहा तयार आहे असं समजायचं.

त्यांच्या मनातलं घर वेल्समध्ये होतं. कॅनडाला येण्याआधी ते तिथे शिकत होते, आणि लग्नानंतरचा पहिला हिवाळा दोघांनी एका शेतावरच्या दगडी घरात काढला होता. लांबट घर. एकाच छपराखाली वरच्या अंगाला माणसं, खालच्या अंगाला गुरं, मधून आरपार बोळ. गुरं गेल्यावर मालकाने गोठा भाड्याने दिला, तो यांना. "आमचा संसार गोठ्यात सुरू झाला," काका अभिमानाने सांगत. "झालं यांचं सुरू," म्हणत काकू आत जात.

बर्फ पडू लागला की काका फावड्याने ड्राइव्हवे साफ करता करता थांबत आणि ते घर सांगत. भिंती दोन हात जाड, खिडकीत पाय वर घेऊन दोघांना बसता येई इतक्या. दोन्हीकडून दगड रचायचे, मधे माती आणि खडी, वरून चुना. पाटीच्या दगडाचं छप्पर पावसात निळं दिसे. ऐकताना साफ केलेला ड्राइव्हवे पुन्हा पांढरा होऊन जाई, आणि मला वाटे, आपण त्या बोळातच उभे आहोत. एका बाजूला चूल, दुसऱ्या बाजूला गुरांचा ऊबदार श्वास.

पुढे काकूंना विसर पडू लागला. संध्याकाळी त्या कोट घालून दाराशी उभ्या राहत. "घरी जाऊया." काकांनी त्यांना पुण्याचे फोटो दाखवले, इथल्या खोल्या फिरवून दाखवल्या. त्यांचं एकच, की हे नव्हे, खिडकीत बसायचं ते घर.

काकांनी सुतार बोलावला. हॉलमधली खिडकीची भिंत दोन हात आत आली आणि खोली तेवढी आखडली. लव्हालला राहणारी त्यांची मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, रीसेलचा तरी विचार करा." काकांनी स्वतः चुना लावला, मुद्दाम ओबडधोबड.

मी बघायला गेले आणि सवयीने हात वर केला. काकांनी माझं मनगट धरलं.

"ही नाही वाजवायची."

मी हात खाली घेतला. ते हळू आवाजात म्हणाले, "आत नुसती लाकडाची चौकट आहे. या घराला दगड पेलणार नाही. हिला कळता कामा नये."

संध्याकाळी काकू कोट घालून आल्या आणि खिडकीपाशी थांबल्या. काका माझ्याकडेही बघेनात. काकूंनी चुन्यावरून तळवा फिरवला, पाय वर घेऊन खिडकीत बसल्या आणि कोटाची बटणं काढली.

"किती उशीर केलात," त्या म्हणाल्या.

"रस्त्यात बर्फ फार होता," काका म्हणाले, आणि उरलेल्या जागेत बसले.

मुलगी आता इथेच राहायला आली आहे. भिंत जागेवर आहे. काकू रोज संध्याकाळी तिथे बसतात, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.