बाबांचं पान, मुक्काम यॉर्क

सर्वपित्री अमावास्येला इंग्लंडात असलो तरी बाबांचं पान चुकवायचं नाही, असं मी ठरवलं. मी फक्त एवढंच ठरवलं होतं. पुढचं आपोआप झालं.

मी सुरेंद्र, शहापुरात कारकून, राहायला आसनगाव. आमची मुलगी दिशा यॉर्कला शिकायला लागली, तिला सोडायला मी आणि बायको छाया गेलो होतो. यॉर्क भलतंच जुनं शहर, भोवती अजून तट आहे. (आमच्या माहुली गडावर चढताना मला धाप लागते, इथे तटावर म्हातारे कुत्री फिरवतात.) शहरात खोली मिळाली नाही, म्हणून जवळच्या खेड्यात सहा खोल्यांच्या हॉटेलात उतरलो. मालकीण मार्गारेटबाई, सत्तरीच्या, कामाला वाघीण.

उडदाचे वडे छायाने घरूनच डब्यात आणले होते. भात तिने खोलीतल्या चहाच्या किटलीत शिजवला. (त्या किटलीविषयी मी अधिक बोलणार नाही.) केळीचं पान मिळण्यातलं नव्हतं, म्हणून बाईंच्या परसातल्या कोबीचं एक पान मी न विचारता तोडलं. हिरवळीवर पान वाढून ठेवलं आणि हात जोडले. समोरच्या झाडावर तीन कावळे होते. एकही जागचा हलेना.

आता खरं सांगतो, मला या पानाची धास्ती होती. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. ते गेल्यावर बांधावरच्या आंब्यावरून माझं आणि धाकट्या नवसूचं बिनसलं, आणि दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. तो गावी, मुरबाडकडे, आपलं पान वेगळं ठेवतो, मी आसनगावला गच्चीवर वेगळं. गेल्या वर्षी माझ्या पानाला कावळा शिवलाच नाही. शेवटी ते गाईला घातलं. बाबा माझ्यावर रुसलेत हे माझ्या मनाने तेव्हाच घेतलं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

अर्ध्या तासाने एक कावळा खाली उतरला, दोन उड्या मारून पानाजवळ आला. तेवढ्यात मार्गारेटबाई टॉवेल फडकावत धावत आल्या आणि त्यांनी त्याला पार शेतापलीकडे हाकललं. तो माझं खाणं पळवतोय असं त्यांना वाटलं होतं.

दिशाने त्यांना समजावलं, की आजोबा जेवायला येणार आहेत, कावळ्याच्या रूपाने. बाई एकदम गंभीर झाल्या. आत गेल्या, एक खुर्ची घेऊन आल्या, पानाजवळ मांडली, शेजारी काटा-चमचा ठेवला आणि माझ्या बाजूला मान खाली घालून उभ्या राहिल्या. मला हसू यायला हवं होतं. पण त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून आलं नाही. बाबा आयुष्यभर बांधावर उकिडवे बसून जेवले, त्यांना खुर्ची कुणी दिली नव्हती.

कावळे मात्र परतून झाडावरच बसून राहिले. छाया हळूच म्हणाली, "बोलून टाका आता. काय बोलायचं त्ये तुमाला ठाव हाय."

मी पुन्हा हात जोडले. "बाबा, आंबा नवसूचा. मी परत त्याचं नाव काढनार नाय. जेवा आता."

कावळा आला. आधी खुर्चीच्या पाठीवर बसला, मग खाली उतरून वडा उचलला आणि झाडावर गेला. छाया रडली, दिशा रडली, मार्गारेटबाईंनी टॉवेलानेच डोळे पुसले.

त्याच भरात मी नवसूला फोन लावला. पान, खुर्ची, आंबा, सगळं सांगितलं आणि झाल्यागेल्याची माफी मागितली.  मग नवसूचा आवाज आला, तोही भरलेला.

"दादा, लय बरं वाटलं रे. पन बाबा तं हतं गावाला दुपारी बारालाच जेवून गेले. पान ठेवलं न ठेवलं, कावला शिवला. मंग तुज्याकडं कोन आल्ता?"

मी वर पाहिलं. झाडावर तो कावळा अजून वडा खात होता. मी चाचरत म्हणालो, की मग आंब्याचं आपण गावी आल्यावर निवांत बसून बघू.

"बघायचं काय त्यात," नवसू म्हणाला. "फोन स्पीकरवर हाय. समद्या भावकीनं आयकलंय."